यंत्रमानव-स्पर्धेची पूर्वतयारी : एक भाषिक विचार

‘रोबो’ हा शब्द आपल्या शाळांतून रूढ झाला असला, तरी त्याचे मूळ पाहणे उद्बोधक आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपण त्यास ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द दिला आणि त्यातील ‘मानव’ या पदाबरोबर एक गैरसमजही स्वीकारला. शालेय स्पर्धेतील यंत्र म्हणजे बहुधा दोन मोटारी व एक-दोन सेन्सर असलेली लहानशी गाडी. ती आज्ञा अक्षरशः पाळते. आज्ञेमागील हेतू तिला कळत नाही. म्हणून स्पर्धक संघाची तयारी ही प्रथमतः भाषेची तयारी होय, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

‘जरा पुढे जाऊन डावीकडे वळ’ हे वाक्य माणसाला पुरते. यंत्राला ‘जरा’ म्हणजे किती ते सांगावे लागते. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परिघ सुमारे १७.६ सेंटिमीटर भरतो. अर्थात एक मीटर जाण्यास चाकाचे सुमारे ५.७ फेरे हवेत. दोन चाकांतील अंतर ११.२ सेंटिमीटर असल्यास, जागच्या जागी काटकोनात वळण्यासाठी एक चाक अर्धा फेरा पुढे व दुसरे अर्धा फेरा मागे फिरले पाहिजे. ‘वळ’ या एका क्रियापदाच्या पोटात एवढे गणित दडलेले असते.

वाक्यरचनेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘काळी रेषा दिसली तर थांब’ आणि ‘काळी रेषा दिसेपर्यंत चाल’ ही वाक्ये व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. पहिल्या आज्ञेत तपासणी एकदाच होते. त्या क्षणी रेषा दिसली नाही, की यंत्र पुढील आज्ञेकडे वळते. दुसरीत ती पुनःपुन्हा होत राहते. ‘तर’ आणि ‘पर्यंत’ यांतील हा भेद ज्या विद्यार्थ्याला मातृभाषेत उमगला, त्याला संगणकाच्या पडद्यावर तो शोधावा लागत नाही. सेन्सर, मोटार हे शब्द खुशाल परकीय राहोत. विचाराची रचना मात्र स्वतःच्या भाषेत पक्की झाली पाहिजे.

ही पद्धती सर्वस्वी नवी नाही. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. यंत्रकासवाच्या जागी स्वतःला कल्पून मुलाने आज्ञा तपासावी, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. आपल्या वर्गातही एका विद्यार्थ्याने डोळे बांधून यंत्र व्हावे आणि दुसऱ्याने केवळ लेखी आज्ञा वाचाव्यात. आज्ञेतील उणीव तत्काळ प्रत्ययास येते. यास ना वीज लागते, ना महाग संच.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘फर्स्ट लेगो लीग’ या स्पर्धेत यंत्राला मैदानावर अडीच मिनिटे मिळतात. तथापि परीक्षक यंत्राची घडण, संशोधन-प्रकल्प आणि सहकार्य यांविषयीही विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतात. शिक्षकाने रचलेले यंत्र धावेल. उत्तर मात्र विद्यार्थ्यानेच द्यावयाचे असते.

बीड जिल्ह्यात या विचाराला एक निकडीची बाजू आहे. या स्पर्धेचे आव्हान साधारणतः ऑगस्टमध्ये जाहीर होते; पुढील मुख्य तयारीच्या काळातच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात. काहींना आईवडिलांबरोबर जावे लागते. हे ओळखून अशा मुलांना संघात न घेणे सोपे, पण अन्यायाचे आहे. त्यावर उपाय म्हणजे संघाची नोंदवही. प्रत्येक आज्ञा, तिचा हेतू, फसलेला प्रयोग व त्याचे कारण स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. जाणाऱ्याचे काम मागे राहिलेल्यास पुढे नेता यावे आणि परतणाऱ्यास ती वही वाचून पुन्हा संघात उभे राहता यावे. जी आज्ञा यंत्राला कळण्याइतकी पूर्ण आहे, ती अनुपस्थित सहाध्यायालाही कळू शकते. तिच्या जोडीला हेतू लिहिला, म्हणजे यंत्राला जे कधीच उमगत नाही, तेही त्याच्यापर्यंत पोहोचते.