शामोनीत डोंगर सकाळी ठरवावा

शामोनी गाव समुद्रसपाटीपासून १०३५ मीटरवर आहे आणि त्याच्या डोक्यावरचं एग्वी द्यू मिदी हे टोक ३८४२ मीटरवर. मधला २८०७ मीटरचा चढ केबल कार वीसेक मिनिटांत संपवते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे समुद्रकाठावरून निघून कळसूबाई गाठावी आणि वर आणखी ११६१ मीटर चढावं, एवढी ही उडी. फ्रान्समध्ये, माँ ब्लाँच्या पायथ्याशी असलेल्या याच चिंचोळ्या खोऱ्यात १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं.

आज या खोऱ्यात स्कीइंगचे चार मोठे भाग आहेत: ले-झूश, ब्रेवाँ-फ्लेजेर, ग्राँ मोंते आणि बाल्म. ते एकमेकांना लागून नाहीत. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर खाली उतरून बस किंवा रेल्वे पकडावी लागते. सहलीच्या नियोजनाची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातून युरोपला जाणारे बहुतेक पर्यटक बर्फ पाहायला जुंगफ्राउ किंवा टिटलिसवर चढतात, फोटो काढतात आणि दुपारी उतरतात. पण जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंडमध्ये नोकरीला असलेली आपली मंडळी आता आठवडाभर स्कीइंगलाही जाऊ लागली आहेत. त्यांचा पहिला उद्योग म्हणजे एक्सेलचा तक्ता: सोमवारी हा डोंगर, मंगळवारी तो. शामोनीत हा तक्ता पहिल्या वाऱ्यालाच उडतो. का, ते आकड्यांतच पाहू.

समजा, कुठल्याही एका दिवशी ठरवलेला डोंगर उघडा आणि स्कीइंगलायक असण्याची शक्यता ७० टक्के आहे. (हा आकडा उदाहरणापुरता धरला आहे.) सहा दिवसांचे सहा डोंगर आधीच ठरवले, तर सरासरीने ४.२ दिवस चांगले मिळतील. पण सहाच्या सहा दिवस चांगले जाण्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम १२ टक्के. आता रोज सकाळी दोन डोंगरांतून एक निवडायची मोकळीक ठेवली, तर दोन्ही एकदम बाद होण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ टक्के उरते. चांगले दिवस सरासरीने साडेपाचच्या आसपास जातात आणि सहाही दिवस साधण्याची शक्यता ५७ टक्क्यांवर पोचते. पास तोच, बर्फ तोच, फरक फक्त निर्णय किती वाजता घेतला याचा.

या गणितात एक मेख आहे. दोन्ही डोंगरांवर एकच वारा वाहतो, एकच ढग बसतो. दोन डोंगर अगदी सारखे असतील, तर दुसरा हाताशी असून उपयोग शून्य. म्हणून खरा आकडा १२ आणि ५७ च्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि तो ५७ कडे सरकवायचा तर हाताशी असलेले डोंगर एकमेकांपासून वेगळे हवेत. शामोनीचं मोठेपण नेमकं इथे आहे.

ब्रेवाँ-फ्लेजेर हा भाग दरीच्या उन्हाच्या बाजूला आहे. ब्रेवाँचं टोक २५२५ मीटरवर, समोर माँ ब्लाँ उघडा पडलेला. सकाळी इथलं ऊन सुखाचं वाटतं, पण मार्चमध्ये तेच ऊन दुपारपर्यंत बर्फाचा चिखल करतं. ग्राँ मोंते बरोबर उलट: वायव्येकडे तोंड, सावली जास्त, बर्फ टिकाऊ, उतार तीव्र. बाल्म दरीच्या वरच्या टोकाला, स्विस सीमेला खेटून, सुमारे २२७० मीटरपर्यंत जातो. उतार रुंद आणि मवाळ, झाडं तुरळक, त्यामुळे ढग उतरला की पांढऱ्यावर पांढरं दिसतं आणि समोरचा खड्डाही कळत नाही. ले-झूश दरीच्या खालच्या टोकाला, गाव १००८ मीटरवर आणि वरचा भाग १९०० च्या आसपास. चारांत हाच सर्वांत बुटका, पण अंगावर दाट जंगल. झाडांच्या कडांमुळे धुक्यातही उताराचा अंदाज येतो आणि वाराही अडतो. वरच्या लिफ्ट वाऱ्याने बंद पडल्या की अर्धी शामोनी ले-झूशच्या बसथांब्यावर दिसते.

ग्राँ मोंतेबद्दल जुने नकाशे आणि जुनी प्रवासवर्णनं फसवतात. तिथली केबल कार पूर्वी ३२०० मीटरच्याही वर जात असे. ११ सप्टेंबर २०१८ रोजी लोन्याँ इथल्या मधल्या स्थानकाला आग लागली आणि वरचा टप्पा बंद पडला. त्यानंतरचं स्कीइंग मुख्यतः बोशार लिफ्टच्या २७६५ मीटरपर्यंतचं. नव्या बांधणीचं काम मोठं आहे, तेव्हा जायच्या हंगामात कोणता टप्पा चालू आहे हे तपासल्याशिवाय या डोंगरावर अख्खा बेत उभा करू नये.

आता तापमान. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. शामोनीत ३ अंश आणि पाऊस असेल, तर शून्य अंशाची रेषा सुमारे १५०० मीटरवर येते. बर्फ त्या रेषेच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत पडू शकतो. म्हणजे ले-झूश गावात छत्री, पण वर लिफ्टने गेल्यावर भुरभुर बर्फ. असा दिवस जंगलात सोन्यासारखा जातो. मात्र गावात ८ अंश असतील, तर शून्याची रेषा २२७० मीटरजवळ जाते. बाल्मचं टोक बरोबर त्या रेषेवर आणि ले-झूशचा सगळा डोंगर पावसात. ‘हवा खराब, चला ले-झूशला’ हा शामोनीतला सर्वांत लाडका सल्ला इथे तोंडघशी पडतो. ले-झूश हे वाऱ्यावरचं आणि धुक्यावरचं औषध आहे, उष्म्यावरचं नव्हे. अशा दिवशी ग्राँ मोंतेचा वरचा भाग उघडा असला तर तिकडे, नाहीतर सुट्टी घ्यावी हे उत्तम. निवांत, थंड हवेत उंचीबरोबर गारठा वाढण्याचा नियमही उलटतो: गार हवा दरीच्या तळाशी साचते आणि वर गेल्यावर उबदार वाटतं. तेव्हा गावातल्या थर्मामीटरवर विसंबू नये, उंचीनुसार दिलेला अंदाज पाहावा.

फ्रान्सच्या हवामान खात्याचं हिमस्खलनाचं पत्रक आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास निघतं. धोका १ ते ५ या मापावर सांगितला जातो आणि ३ पासून पुढे आखीव उतार सोडून बाहेर जाण्याचा मोह आवरावा. हे नुसतं कागदावरचं माप नाही. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी याच खोऱ्यातल्या मोंरोक वस्तीवर बर्फाचा लोट आला, लाकडी घरं चिरडली आणि १२ माणसं गेली. ती स्कीइंग करत नव्हती, घरात होती. मोठ्या हिमवर्षावानंतर ग्राँ मोंतेच्या पायथ्याशी असलेल्या आर्जाँत्येर गावाच्या वरचा रस्ता आजही बंद करतात. १४६१ मीटरवरची कोल दे मोंते ही खिंड बंद झाली, की पलीकडच्या व्हालोर्सिन गावाला जायला उरतो तो रेल्वेचा बोगदा.

रेल्वे इथे कणा आहे. मीटर गेजची ही लाल गाडी १९०१ मध्ये शामोनीला पोचली आणि आज सँ-जेर्वेपासून व्हालोर्सिनमार्गे स्वित्झर्लंडच्या मार्तिन्यीपर्यंत जाते. हॉटेल किंवा घरमालक देतो त्या पाहुणा-कार्डावर खोऱ्यातल्या बस आणि सेर्व्होझ ते व्हालोर्सिन ही रेल्वे फुकट असते. गाडी भाड्याने घ्यायचा विचार इथेच सोडून द्यावा. पार्किंगचा वैताग आणि बर्फाच्या साखळ्या यांत सकाळ जाते.

मग मुक्काम कुठे? ले-झूश ते शामोनी सुमारे ८ किलोमीटर, शामोनी ते फ्लेजेरच्या पायथ्याचं ले प्रा ३, तिथून आर्जाँत्येर ६ आणि पुढे बाल्मच्या पायथ्याचं ल तूर आणखी ३. या पाच ठिकाणांपर्यंतच्या अंतरांची बेरीज केली, तर ले-झूशला राहणाऱ्याच्या वाट्याला ५६ किलोमीटर येतात, आर्जाँत्येरला ३५, शामोनीला ३२ आणि ले प्राला २९. जाहिरातीत ‘शांत आणि स्वस्त’ म्हणून दिसणारं ले-झूशचं घर एकाच डोंगराच्या बाजूने कौल देऊन मोकळं होतं. बेरीज ले प्राच्या बाजूने आहे, पण संध्याकाळी दुकानं, खाणं, भाड्याचं सामान बदलून घेणं हे सगळं शामोनीत आहे आणि ब्रेवाँची गोंडोला चालत गाठता येते. तीन किलोमीटरांच्या फरकासाठी मी शामोनी सोडणार नाही. वरच्या तीव्र उतारांवरच जीव असलेल्यांनी आर्जाँत्येरला राहावं.

पासचा हिशेब जरा फसवा आहे. ‘शामोनी ल पास’ ब्रेवाँ-फ्लेजेर, ग्राँ मोंते आणि बाल्मवर चालतो. अलीकडच्या हंगामांत त्याचा दिवसाचा दर ६० युरोंच्या पुढे गेला आहे. त्यात ले-झूश नाही! म्हणजे ज्या दिवशी पर्यायाची खरी गरज, त्याच दिवशीचा डोंगर पासच्या बाहेर. महागडा ‘माँ ब्लाँ अनलिमिटेड’ घेतला तर ले-झूश, एग्वी द्यू मिदी, हिमनदीकडे नेणारी मोंताँव्हेरची रेल्वे आणि माँ ब्लाँ बोगद्यापलीकडचं इटलीतलं कूरमायर हे सगळं येतं. निवड करताना सोपी रीत अशी: सहा दिवसांसाठी दोन्ही पासमधला फरक काढा. त्याच्याशेजारी ले-झूशचं एका दिवसाचं तिकीट आणि एग्वी द्यू मिदीचं परतीचं तिकीट यांची बेरीज लिहा. बेरीज फरकापेक्षा मोठी असेल आणि तुम्ही दोन्हीकडे नक्की जाणार असाल, तर महाग पासच स्वस्त. एग्वीला जायचंच नसेल तर साधा पास घ्यावा आणि वाऱ्याच्या किंवा धुक्याच्या दिवशी ले-झूशचं तिकीट वेगळं काढावं.

कूरमायरची मोहिनी मोठी आहे. फ्रान्सच्या बाजूला वायव्येचे ढग साचले की पलीकडे बऱ्याचदा ऊन असतं, आणि जेवण तर इटलीचंच. पण रस्ता ११.६ किलोमीटरच्या, १९६५ साली उघडलेल्या बोगद्यातून जातो आणि हा बोगदा आता दुरुस्तीसाठी शरद ऋतूत महिनोनमहिने बंद ठेवतात. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कूरमायर गृहीत धरू नये.

महाग पासातली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे व्हाले ब्लाँश, एग्वीवरून हिमनदीवरून उतरणारी सुमारे २० किलोमीटरची वाट. हा आखीव उतार नाही. खाली हिमभेगा आहेत, सुरुवातीला अरुंद कड्यावरून दोर बांधून उतरावं लागतं आणि ३८४२ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६२ टक्के असतो. गाइडशिवाय जाऊ नये, आणि गाइडचा दिवस आधी ठरवावा लागतो. लवचीक बेतात घट्ट बांधावा असा हा एकच दिवस. तो आठवड्याच्या सुरुवातीला बांधावा, म्हणजे हवा बिघडली तर पुढे ढकलायला जागा उरते. उतरणीच्या शेवटी मेर द ग्लास हिमनदी लागते. मोंताँव्हेरजवळ हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर कोणत्या साली बर्फ कुठवर होता याच्या पाट्या लावल्या आहेत. १९९० ची पाटी ओलांडल्यावरही खाली पायऱ्याच पायऱ्या दिसतात. १९८८ ची गोंडोला बर्फाजवळ सोडत असे, पण बर्फ खचत गेला आणि पायऱ्या पाचशेच्या वर गेल्या. शेवटी २०२४ मध्ये नवी गोंडोला हिमनदीच्या वरच्या अंगाला बांधावी लागली.

नवशिक्यांना मात्र यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. पहिले तीन दिवस दरीच्या तळाशी ले प्लानार, साव्हॉय किंवा ल तूरजवळच्या व्होर्मेन या लहान उतारांवर जातात आणि त्यांचे पास वेगळे, बरेच स्वस्त असतात. सहा दिवसांचा मोठा पास आधी घेऊन ठेवणं म्हणजे पैसे बर्फात पुरणं. ब्रेवाँ आणि फ्लेजेरवरून थेट दरीत उतरणाऱ्या वाटा काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड दर्जाच्या आहेत, तेव्हा बेताचंच शिकलेल्यांनीही संध्याकाळी लिफ्टनेच खाली यावं. शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.

तारखांचंही एक साधं गणित आहे. फ्रान्समध्ये हिवाळी शाळा-सुट्टी तीन विभागांत वाटलेली, प्रत्येकाला दोन आठवडे, एकेक आठवडा सरकवून. एकूण चार आठवडे, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. त्या काळात रांगा लांब, घरं महाग आणि मुक्काम शनिवार ते शनिवारच मिळतो. म्हणजे लवचीकपणा दारातच संपतो. जानेवारीचा मध्य स्वस्त पण गारठ्याचा आणि आखूड दिवसांचा. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा मला सर्वांत बरा वाटतो: बारा तासांचा दिवस, वरच्या डोंगरांवर भरपूर बर्फ, आणि सकाळी ग्राँ मोंते की ब्रेवाँ हा प्रश्न रोज खऱ्या अर्थाने उभा राहतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी शेवटचं. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण व्हिसापुरत्या काढलेल्या पॉलिसीत स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. आखीव उतारांवरून जखमीला खाली आणण्याचं बिल फ्रान्समध्ये जखमीलाच भरावं लागतं. पासबरोबर दिवसाला काही युरोंत मिळणारा जास्तीचा विमा घ्यावा आणि पॉलिसीत स्की हा शब्द कुठे येतो ते विमानात बसण्याआधी वाचावं.