संग्रहालय खिशात

संग्रहालयापर्यंत सर्वांनाच पोचता येत नाही. तेव्हा संग्रहालयानेच लोकांकडे जावे, या विचाराने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरती बस सुरू केली. मोबाइलवरील आभासी प्रदर्शन हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

परंतु असे प्रदर्शन म्हणजे छायाचित्रांचा ढीग नव्हे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेच पाहू. दिनकर केळकरांनी जमवलेल्या या संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत. मांडलेल्या मात्र सुमारे २,५०० च. साऱ्याच मोबाइलवर घातल्या, तर तळहाताएवढ्या पडद्यावर पाहणारा गोंधळून जाईल. त्याऐवजी दहाच अडकित्ते निवडावेत. आधी संपूर्ण आकृती, मग बोटांनी मोठी करून पाहता येईल अशी नक्षी, आणि विड्यापानाच्या पाहुणचारातले त्यांचे स्थान सोप्या मराठीत सांगावे. पडद्यावर खरे आकारमान कळत नाही, म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवावी. चित्रे हलकी असावीत, म्हणजे मंद इंटरनेटवरही ती उघडतील.

घरबसल्या पाहिल्यावर लोक संग्रहालयात कशाला येतील, अशी शंका काहीजण घेतात. आम्हांस ती पटत नाही. अडकित्त्याचा घाट आणि धातूची झळाळी प्रत्यक्षच पाहावी लागते. चित्राने ओढ वाढते, भागत नाही. शिवाय केळकरांनी हा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, तेव्हाच तो जनतेचा झाला. जनतेची वस्तू जनतेला कधी दिसणारच नसेल, तर ती जपली काय आणि हरवली काय, सारखेच!