‘मिस करणे’ आणि चुकणे

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी घरांतील मुले घरी मराठी, बाजारात तेलुगू व उर्दू आणि शाळेत इंग्रजी अशी वावरतात. परका शब्द दिसताच भुवया चढविण्याची सवय त्यामुळे आम्हांस नाही. ‘नापास’ या शब्दात पुढे फारसी ‘ना’ व मागे इंग्रजी ‘पास’ आहे, आणि त्यावाचून शाळेचे पानही हलत नाही. परंतु निबंधाच्या वहीत ‘मी आजीला मिस करतो’ असे वाक्य येते, तेव्हा तांबडी लेखणी क्षणभर थबकते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा पलीकडच्या राज्यात गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंस नातीगोती असलेल्या घरांत हे वाक्य केवळ व्याकरणाचे राहत नाही.

इंग्रजीतील ‘मिस’ या क्रियापदाचा मूळ अर्थ नेम न लागणे. त्यावरून गाडी न मिळणे, तास बुडणे, शब्द ऐकण्यातून सुटणे, आणि कोणाच्या नसण्याने मन अस्वस्थ होणे हेही अर्थ आले. ‘आय मिस्ड हिम ॲट द स्टेशन’ याचा अर्थ स्थानकावर चुकामूक झाली असा की तेथे त्याची उणीव भासली असा, हे संदर्भच सांगतो. मुले येथे हमखास अडखळतात.

अशा वेळी शिक्षकाने ‘चुकणे’ हे क्रियापद फळ्यावर मांडावे. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते. आणि घरचे माणूस परगावी गेले की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचल्या आहेत.

भेद आहे तो रचनेत. ‘मला आजीची आठवण येते’ येथे आठवण आपणहून येते. ‘मी मिस करतो’ म्हणताच ते पाटी पुसण्यासारखे काम होते. उर्दूतही ‘मुझे’ याद येते, तेलुगूतही ‘नाकु’ म्हणजे ‘मला’च. फ्रेंचमध्ये तर ज्याची उणीव भासते तोच वाक्याचा कर्ता असतो.

‘गाडी मिस झाली’ हे बोलण्यात चालावे. ‘मिस्ड कॉल’ला प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोपही आम्ही करणार नाही. आजीविषयीच्या वाक्यावर मात्र काट न मारता समासात ‘म्हणजे काय होते?’ एवढे लिहावे. मग करमत नाही, घर खायला उठते, घास गोड लागत नाही, अशी उत्तरे येतात. यांपैकी ‘करमत नाही’ हे इंग्रजीत नेणे सर्वांत अवघड, कारण ‘मिस’ला कर्म लागते, आणि करमत नाही असे म्हणणारा कोणाचेही नाव घेत नाही.