प्रेषिताच्या मागावर : कल्याण आणि सोपारे

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर, पेढी नदीच्या काठी वलगाव हे गाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांना मोटारीतून अमरावतीस नेत असता याच गावाजवळ, पेढीच्या पुलापाशी त्यांचा देह पडला. समाधी मात्र अमरावतीस झाली. त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील शेंडगावचा, १८७६ सालचा. पूर्णेकाठच्या ऋणमोचनास त्यांच्या श्रमांनी उभा राहिलेला घाट आहे. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी बांधविलेल्या धर्मशाळा आहेत. आपल्या पायांवर कोणी डोके ठेवू नये म्हणून जो पुरुष जन्मभर जपत राहिला, त्याच्या पावलांचा हिशेब असा साल-तारखेनिशी सांगता येतो. बाबांच्या मागावर निघालेल्या वऱ्हाडी माणसाला वाट विचारावी लागत नाही.

श्रोतेहो, वलगावपासून आरंभ करण्याचे कारण एवढेच की, जेथे संताची पावले थांबली ती जागा म्हणजे काय, हे या भागातील माणसास निराळे समजावून द्यावे लागत नाही. पण तोच शोध एकोणीस शतके मागे न्यावयाचा म्हटले म्हणजे काय होते? येशू ख्रिस्ताने आपल्या अनुयायांतून निवडलेल्या बारा जणांस प्रेषित म्हणतात. प्रेषित म्हणजे पाठविलेला. या बारांपैकी दोघांची नावे परंपरेने हिंदुस्थानाशी जोडलेली आहेत. एक थोमा आणि दुसरा बर्थलमय. पैकी थोमाचे नाव सर्वतोमुखी आहे. बर्थलमयाचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही. आणि नवल असे की, ज्या बंदराशी विद्वान त्याचे नाव जोडतात, त्या कल्याणवरून वऱ्हाडातला प्रत्येक मुंबईकर उतारू गाडीत डुलक्या घेत पुढे जातो.

प्रथम थोमाविषयी थोडे, कारण परंपरा कशी पारखावी याचा पाठ त्याच्याच कथेत उत्तम मिळतो. सिरियाक भाषेत तिसऱ्या शतकात लिहिलेला ‘थोमाची कृत्ये’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात थोमा हा सुतारकामात निपुण कारागीर म्हणून हिंदुस्थानात गुदनफर राजाकडे येतो, राजवाड्यासाठी मिळालेले द्रव्य गोरगरिबांस वाटून टाकतो, आणि राजाने विचारल्यावर तुझा वाडा स्वर्गात बांधला आहे असे उत्तर देतो. पुष्कळ काळ पंडितांनी ही निव्वळ कल्पित कथा मानली. या नावाचा राजा इतिहासास ठाऊकच नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे व अफगाणिस्तानात गोंडोफर्नीस राजाची नाणी सापडू लागली, तख्त-ए-बाहीचा शिलालेख वाचला गेला, आणि हा राजा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, म्हणजे बरोबर थोमाच्याच काळातला ठरला. यावरून थोमा तेथे गेला होता हे सिद्ध होत नाही. कथाकाराला राजाचे खरे नाव माहीत होते, एवढेच सिद्ध होते. परंतु एवढेही थोडे नव्हे. केरळातील ख्रिस्ती लोकांची परंपरा निराळी आहे. तिच्याप्रमाणे थोमा इसवी सन ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला, सात ठिकाणी त्याने मंडळ्या स्थापिल्या आणि ७२ मध्ये मद्रासजवळ मैलापूर येथे त्याचा वध झाला. त्याच्या अस्थी एडेसा नगरीत असल्याचे चौथ्या शतकात लोक सांगत. आज त्या इटलीतील ओर्तोना येथे आहेत असे मानतात. देह एके ठिकाणी पडावा आणि समाधी दुसरीकडे व्हावी, हे वलगावकरांस नवीन नाही.

आता बर्थलमय. चौथ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या युसेबियस नावाच्या बिशपाने ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहिला. त्यात तो म्हणतो की, अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठाचा प्रमुख पँटीनस हा हिंदुस्थानात गेला असता तेथील काही लोकांजवळ त्याला मत्तयाचे शुभवर्तमान आढळले. ते हिब्रू लिपीत असून बर्थलमयाने मागे ठेविलेले होते. पँटीनसाचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर. म्हणजे बर्थलमयानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी झालेल्या प्रवासाची ही हकीकत, आणि तीही आणखी सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. वलगावच्या पुलाची गोष्ट सांगणारे लोक घटनेच्या दुसऱ्या दिवशीच होते. येथे मध्ये अडीच शतके गेली आहेत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. त्या काळचे ग्रीक व रोमन लेखक ‘इंडिया’ हा शब्द फार सैल हाताने वापरीत. दक्षिण अरबस्तान, इथिओपिया, यांनाही ते कधी कधी याच नावाने संबोधीत. म्हणून पँटीनस येमेनपर्यंतच गेला असावा असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. उलट पक्ष असा की, तो अलेक्झांड्रियाचा राहणारा. त्या शहरातून दरसाल हिंदुस्थानचा व्यापार चाले, तेव्हा खऱ्या हिंदुस्थानाची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? हिब्रू ग्रंथाचा उलगडा करण्यासाठी काही जण कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे बोट दाखवितात. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची जुनी आठवण आहे. पण ते केव्हा आले हेच जेथे ठरलेले नाही, तेथे त्यांच्या आधारावर बर्थलमयाला उभा करणे म्हणजे एका तरंगत्या होडीला दुसरी होडी बांधण्यासारखे होय. शिवाय आर्मेनियातील लोक बर्थलमयाला आपला प्रेषित मानतात आणि त्याचा अंत आपल्याकडे झाला असे सांगतात. दोन्ही परंपरा एकाच माणसाच्या आयुष्यात बसणे अशक्य नाही. सोपे मात्र मुळीच नाही.

मग कल्याणचे नाव कोठून आले? बंदरांच्या इतिहासातून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जंत्री लिहून ठेविली आहे. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तीत भडोचच्या दक्षिणेस सोपारे आणि कल्याण ही नावे लागोपाठ येतात. पैठण आणि तेर या घाटावरच्या पेठांचाही तीत उल्लेख आहे. पावसाळी वाऱ्यावर शिडे सोडून तांबड्या समुद्रातून निघालेले जहाज या किनाऱ्यास सहज लागत असे. म्हणजे प्रेषिताला येण्यास वाट होती, एवढे निश्चित. पण तोच खलाशी पुढे एक गोष्ट नोंदवितो, तिच्याकडे उत्साही लेखक सहसा लक्ष देत नाहीत. थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण ही राजमान्य पेठ होती. पुढे ते दुसऱ्या एका सत्ताधीशाच्या हाती गेल्यावर तेथे अडथळे आले, आणि चुकून तेथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील वैराचा हा परिणाम होय. बर्थलमय आला असेलच, तर तो नेमका या अडचणीच्या काळात येतो. तेव्हा त्याचे पाऊल कल्याणच्या धक्क्याऐवजी भडोचला किंवा सोपाऱ्यास पडले असण्याचा संभव नाकारता येत नाही.

निर्विवाद म्हणता येईल असा लेखी पुरावा मिळावयास सहावे शतक उजाडावे लागते. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला, इसवी सन ५५० च्या सुमारास लिहितो की, मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, आणि कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. काही जण कल्लियाना म्हणजे दुसरेच गाव मानतात. पण बहुतेकांच्या मते हे उल्हास नदीच्या खाडीवरचे कल्याणच. ‘इराणातून नेमलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या काळच्या हिंदी ख्रिस्ती मंडळीचा धागा रोमशी नव्हे, तर इराणशी जुळलेला होता. केरळात आणि मद्रासजवळच्या सेंट थॉमस टेकडीवर जुने दगडी क्रूस आहेत, त्यांवरील लेख पहलवी म्हणजे जुन्या इराणी भाषेत आहेत. तसाच एक क्रूस २००१ मध्ये गोव्यात आगशी येथे झुआरीच्या काठी मिळाला. कल्याणात मात्र असा क्रूस अद्याप मिळालेला नाही.

कल्याणास उतरणाऱ्याने ही गोष्ट मनात पक्की करून उतरावे, म्हणजे निराशा होणार नाही. बडनेऱ्याहून निघालेली गाडी कसारा घाट उतरून येथे येते. येथे प्रेषिताचे देऊळ नाही, थडगे नाही, नावाची पाटीही नाही. जे आहे ते खाडी. दुर्गाडी किल्ल्याच्या टेकाडावर उभे राहून खाडीकडे पाहावे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ येथूनच झाला असे मानतात. पण त्याच्या दीड हजार वर्षे आधीपासून हे पाणी जहाजांच्या ओळखीचे होते. येथल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांस दाने दिल्याचे लेख त्या लेण्यांत आजही आहेत. त्याच लेण्यांत १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवीत आपली नावे कोरून ठेविली आहेत. परक्या देशचा माणूस या किनाऱ्यावर आला, नांदला आणि खूण ठेवून गेला, याचा हा दगडी दाखला होय.

पायांत बळ असेल त्याने कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याने जाऊन नाणेघाट चढावा. बंदरावर उतरलेला माल जुन्नर आणि पैठणकडे याच वाटेने जाई. वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आहे आणि जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. घाटमाथ्यापलीकडे जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडचा माणूस. ते तिघेही बौद्धधर्मास दान देणारे होते, ख्रिस्ती नव्हते. तरीपण बर्थलमय घाट चढला असता तर त्याला वाटेत कोण भेटले असते, हे या तीन ओळींवरून कळते. यात्रेकरूच्या दृष्टीने सगळ्या प्रवासात हीच जागा मोलाची.

कल्याणहून दिवा आणि तेथून भिवंडीमार्गे वसई रोडला आगगाडीने जाता येते. वसईच्या किल्ल्यातील मोठमोठ्या चर्चांचे अवशेष पाहून पुष्कळांना वाटते की हीच प्रेषितकाळची स्थळे. तसे नाही. ती पोर्तुगीजांची, म्हणजे सोळाव्या शतकापासूनची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला तेव्हा त्यांचे वैभव संपले. गोव्याचे फ्रान्सिस झेवियर यांसही प्रेषित म्हणतात, पण ते १५४२ मध्ये आले. बर्थलमयाशी त्यांचा काळ जोडू नये. या दोन टोकांच्या मधला दुवा ठाण्यास आहे. १३२१ मध्ये चार ख्रिस्ती प्रवासी ठाण्यास उतरले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन संन्यासी, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हा दुभाषी. त्यांना आश्रय दिला तो तेथेच राहणाऱ्या पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाने. अशी पंधरा घरे तेव्हा ठाण्यात होती असे ओदोरिक नावाचा प्रवासी लिहितो. कॉस्मसच्या बिशपानंतर आठशे वर्षांनी ही पंधरा घरे! शहराच्या अधिकाऱ्यांपुढे धर्मवाद होऊन त्या चौघांचा वध झाला. त्यांचा सोबती जोर्दानुस याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

म्हणून शेवटचा मुक्काम सोपाऱ्याचा. नालासोपारा स्थानकावर उतरून गावाकडे गेले की, ज्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत आले तो स्तूप लागतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी करंडा, त्यात तांब्याचा, त्यात रुप्याचा, अशी एकात एक पात्रे निघाली. सर्वांत आत सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. ते पात्र प्रत्यक्ष बुद्धाचे, अशी परंपरा. अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी याच गावात मिळाला. करंडा पुढे मुंबईस एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्या चौघांच्या अस्थी ओदोरिकाने जहाजावर घातल्या आणि चीनमध्ये झैतून बंदरातील आपल्या बांधवांच्या स्वाधीन केल्या. सोपाऱ्यात राहिला आहे तो स्तूपाचा उंचवटा, चक्रेश्वराचे तळे आणि गाळाने भरत आलेली खाडी.