काचांच्या शहरातलं वादळ
२७ ऑगस्ट २०२० च्या मध्यरात्रीनंतर ‘लॉरा’ हे चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर थडकलं. तेव्हा वादळांचा माग काढणारे काहीजण कॅमेरे घेऊन त्याच राज्यातल्या लेक चार्ल्सच्या भर शहरात थांबले होते. तिथल्या बावीस मजली कॅपिटल वन टॉवरच्या काचांचा चुराडा झाला. उपकरणं असताना माणसांनी जीव धोक्यात का घालावा, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या रात्री तिथलं हवामान खात्याचं रडारच वाऱ्याने मोडून पडलं. अर्थात, उंच इमारतींत वारा कुठे अडतो, कुठे फटीतून उसळतो, म्हणून भर शहरातल्या मोजणीवरून वादळाची ताकद ठरवू नये. काचा कशा फुटतात, ते मात्र अशा चित्रणातून दिसू शकतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं. कारण काचा केवळ वाऱ्याच्या दाबानेच फुटतात असं नाही: १९८३ मध्ये ‘अलिशिया’ वादळात ह्यूस्टनच्या गच्च्यांवरची खडी उडून शेजारच्या इमारतींच्या काचांवर आदळली होती.