देवार्पण आणि निष्क्रय : प्राचीन इस्राएली धर्मातील एक प्रश्न

देवाला वाहिलेली वस्तू परत घेता येते काय, हा प्रश्न वरकरणी अश्रद्ध माणसाचा वाटतो. परंतु प्राचीन इस्राएली विधिग्रंथांनी तो अत्यंत गंभीरपणे विचारला आहे. लेवीय या ग्रंथाचा शेवटचा, म्हणजे २७वा अध्याय प्रामुख्याने याच प्रश्नाला वाहिलेला आहे. ग्रंथाचा समारोप २६व्या अध्यायाच्या अखेरीस झालेला असल्यामुळे या अध्यायाला अभ्यासक परिशिष्ट मानतात, आणि त्यातील दरांच्या रुक्ष याद्यांमुळे त्याच्याकडे दुर्लक्षही होते. तथापि इस्राएली धर्मात अर्पणाची कल्पना कशी घडत गेली, हे समजून घेण्यास या अध्यायाइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

एखादी वस्तू किंवा व्यक्ती देवाची होण्याचे तीन मार्ग या वाङ्मयात दिसतात. पहिला जन्माचा, दुसरा नवसाचा आणि तिसरा हेरेमचा. या तिन्हींतील भेद ध्यानात येण्यासाठी निष्क्रय, म्हणजे अर्पिलेल्या वस्तूच्या बदली मोल देऊन ती सोडवून घेणे, ही कसोटी लावावी लागते.

प्रथमजात नर हा जन्मतःच देवाचा. निर्गमाच्या २२व्या अध्यायात ज्येष्ठ पुत्र देवाला देण्याची आज्ञा कोणत्याही अपवादाशिवाय आलेली आहे. त्याच ग्रंथाच्या १३व्या आणि ३४व्या अध्यायांत मात्र पुत्राला सोडवून घेण्याचा स्पष्ट आदेश आहे. गाढवाचे पहिले शिंगरू कोकरू देऊन सोडवावे, न सोडवल्यास त्याची मान मोडावी. माणसाचे मूल मात्र सोडवलेच पाहिजे. गणनेच्या १८व्या अध्यायात या निष्क्रयाची रक्कम ५ शेकेल ठरवलेली आहे. त्याच ग्रंथाच्या ३ऱ्या अध्यायात सर्व प्रथमजातांच्या जागी लेवी वंशाचे पुरुष देवसेवेसाठी घेतल्याचे सांगितले आहे. प्रथमजात २२,२७३ आणि लेवी २२,०००. उरलेल्या २७३ जणांसाठी दरडोई ५ प्रमाणे १,३६५ शेकेल याजकांना देण्यात आले. हे आकडे ऐतिहासिक मानावेत की नाहीत हा वेगळा वाद आहे. येथे महत्त्वाचे हे की, एकही जीव देवाच्या हिशेबातून निसटू नये आणि तरीही एकाही जिवाचा बळी पडू नये, अशी ही मांडणी आहे.

दुसरा मार्ग नवसाचा. हिब्रू ‘नेदेर’ आणि मराठी ‘नवस’ यांत बरेच साम्य आहे; दोन्हींत बहुधा इच्छापूर्तीची अट असते. हन्नेने पुत्रासाठी असाच नवस केला आणि शमुवेल अंगावरून सुटताच त्याला शिलो येथील मंदिरात खरोखरच नेऊन दिले. लेवीयाच्या २७व्या अध्यायाला मात्र असे प्रत्यक्ष दान अभिप्रेत नाही. तेथे माणूस वाहिला जातो, पण पवित्रस्थानाला मिळते ते त्याचे ठरावीक मोल. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषासाठी ५० व स्त्रीसाठी ३० शेकेल. पाच ते वीस वर्षांसाठी अनुक्रमे २० व १०. एक महिना ते पाच वर्षांसाठी ५ व ३. आणि साठीनंतर १५ व १०. नवस करणारा गरीब असेल, तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी, अशी सवलतही आहे.

हे दर त्या काळच्या गुलामांच्या किमतींवरून घेतले असावेत, असे मत गॉर्डन वेनहॅम यांनी १९७८ मध्ये मांडले. सतरा वर्षांचा योसेफ २० रुप्याच्या नाण्यांना विकला गेल्याची कथा या दराशी जुळते, हे लक्षणीय आहे. परंतु दराचा उगम बाजारात असला, तरी त्याचा परिणाम बाजाराच्या उलट दिशेने झाला. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नातील ‘अराखीन’ या प्रकरणात असा दंडक आहे की, एका वयोगटातील अत्यंत देखणा आणि अत्यंत कुरूप या दोघांचेही मोल एकच. देवापुढे माणसाचे मोल त्याच्या रूपावर वा बळावर अवलंबून राहिले नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील १२व्या अध्यायात यहोआश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी वापरलेल्या निधीत अशा मोलाच्या पैशाचाही समावेश आहे. म्हणजे नवसाचा उपयोग पवित्रस्थानाच्या चरितार्थासाठी होत असे.

वस्तूंच्या बाबतीत निष्क्रयाचा नियम अधिक सूक्ष्म आहे. वेदीवर चढवता येईल असा पशू एकदा वाहिला की परत मिळत नाही. त्याच्या जागी दुसरा आणल्यास दोन्ही पवित्र ठरतात. अशुद्ध पशू किंवा घर ठरलेल्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन सोडवता येते. वडिलार्जित शेताची किंमत तेथे पेरल्या जाणाऱ्या बियाण्यावरून ठरते. एक होमर जवाच्या पेऱ्याला ५० शेकेल, आणि योबेल वर्ष जसजसे जवळ येईल तसतशी ती कमी होते. तेही एक पंचमांश अधिक देऊन सोडवता येते. हा जादा पंचमांश म्हणजे, दिलेला शब्द फिरवण्याचीही किंमत मोजावी लागते याची जाणीव होय.

तिसरा मार्ग हेरेमचा, आणि येथे परतीचे दार बंद होते. हेरेम केलेली वस्तू विकता येत नाही की सोडवता येत नाही. युद्धात हेरेम केलेल्या शहरातील जीवित व संपत्ती देवाची म्हणून नष्ट केली जाई. यरीहोच्या लुटीतून एक झगा, २०० शेकेल रुपे आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट लपवणाऱ्या आखानाला याच कारणासाठी प्राणास मुकावे लागले. ही प्रथा केवळ इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये ढीबान येथे सापडलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या शिलालेखात, इ. स. पूर्व नवव्या शतकातील मवाबचा राजा मेशा नेबो हे इस्राएली नगर अश्तार-कमोश या देवतेला हेरेम केल्याचे आणि ७,००० जणांना ठार केल्याचे सांगतो. तेथील धातूही तोच आहे. पुढे मात्र या शब्दाची धार बदलली. एज्राच्या काळात सभेला न येणाऱ्याची मालमत्ता हेरेम करण्याची आज्ञा निघाली, तिचा अर्थ जप्ती असाच दिसतो.

निष्क्रयाची ही तरतूद नसती तर काय घडले असते, याचे उत्तर इफ्ताहाच्या कथेत आहे. अम्मोनी लोकांवर विजय मिळाल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचे हवन करीन, असा नवस त्याने केला. आणि सामोरी आली ती डफ वाजवीत, नाचत येणारी त्याची एकुलती एक मुलगी. दोन महिन्यांच्या मुदतीनंतर त्याने नवस पाळला, एवढेच शास्ते ग्रंथ सांगतो. ती आजन्म एकांतात राहिली, असा सौम्य अर्थ मध्ययुगीन भाष्यकार दाविद किमही यांनी लावला. परंतु मूळ कथेचा रोख तसा वाटत नाही. याउलट, शौलाच्या शपथेमुळे मृत्यूच्या दारी उभ्या राहिलेल्या योनाथानाला लोकांनी सोडवले, आणि तेथे निष्क्रयाचेच क्रियापद योजलेले आहे.

बरेशीत रब्बा या ग्रंथातील पंडितांना इफ्ताहाचे कृत्य सहन झाले नाही. तिचे मोल देऊन त्याला सुटता आले असते, असे योहानान म्हणतात. असा नवस मुळात बंधनकारकच नव्हता, म्हणून मोलही देणे नव्हते, असे रेश लाकीश म्हणतात. नवस रद्द करू शकणाऱ्या पिनहास याजकाकडे आपण कशाला जावे, असा इफ्ताहाला अभिमान. आणि त्याने आपल्याकडे यावे, असा पिनहासालाही. दोघांच्या मानापमानात मुलगी गेली. लेवीयाच्या यादीप्रमाणे, वयानुसार, तिचे मोल १० किंवा ३० शेकेल झाले असते. विधिग्रंथातील रुक्ष आकड्यांना या कथेच्या शेजारी ठेवले म्हणजे ते केवळ मंदिराच्या उत्पन्नाचे दर राहत नाहीत. माणसाच्या उतावीळ शब्दापासून दुसऱ्या माणसाचा जीव वाचवण्याचा तो एक उपाय होता, असे दिसून येते.