अवशेष-विश्लेषणासाठी सुव्यवस्थित रचनेचे सूक्ष्म स्तंभ

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. भात-प्रक्रियेच्या संशोधनातून विकसित झालेली राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था (निफ्टेम) येथेच आहे; 2021 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. भाताचे मोल आता केवळ उत्पादनावर ठरत नाही. करपा रोगावर फवारल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लाझोलची तांदळातील कमाल अवशेष मर्यादा युरोपीय संघाने 2017 मध्ये प्रतिकिलो 1 मिलिग्रॅमवरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे एका क्विंटल तांदळात केवळ 1 मिलिग्रॅम. ही मर्यादा ओलांडली गेली की नाही, हे आलेखावरील एका शिखरावरून ठरते. ते पसरट असेल किंवा शेजारच्या शिखरात मिसळले असेल, तर निष्कर्ष संशयास्पद होतो आणि निर्यातीचा माल अडकतो.

द्रव क्रोमॅटोग्राफीत नमुन्याचा अर्क सूक्ष्म कणांनी भरलेल्या स्तंभातून दाबाखाली वाहतो. कणांच्या पृष्ठभागाला अधिक धरून राहणारा घटक उशिरा बाहेर पडतो. नेहमीच्या स्तंभात कण ठासून भरलेले असले, तरी त्यांची मांडणी अनियमित असते. फोकून पेरलेल्या भातात रोपांमधील अंतर जसे कोठे दाट, कोठे विरळ असते, तशाच येथील वाटा असतात. त्यामुळे एकाच घटकाचे रेणू मागेपुढे पोहोचतात आणि शिखर रुंदावते. 1956 मध्ये मांडलेल्या वॅन डीम्टर समीकरणात रुंदावण्याची तीन कारणे दिसतात: वाटांची विषमता, प्रवाहाच्या दिशेने होणारे विसरण आणि पृष्ठभाग व द्रव यांच्यातील देवाणघेवाणीस लागणारा विलंब.

चौरस पद्धतीच्या लावणीप्रमाणे समान अंतरावर रचना केल्यास यांतील पहिले कारण मोठ्या प्रमाणात दूर होते. 1998 मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात फ्रेड रेग्निए व सहकाऱ्यांनी असे कोरीव स्तंभ मांडले. पुढे ब्रुसेल्समध्ये गेर्ट डेस्मेट यांच्या गटाने त्यांचा विकास केला. संगणकाच्या चिपप्रमाणेच प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटवून सिलिकॉनमध्ये खांब कोरले जातात. अशा एका रचनेत खांबांचा व्यास 5 मायक्रोमीटर, तर त्यांमधील अंतर 2.5 मायक्रोमीटर असते.

आराखडा करताना तीन बाबी जपाव्या लागतात. खांब व अंतर दोन्ही निम्मे केल्यास पृथक्करण सुधारते. परंतु त्याच लांबीत तोच वेग राखण्यासाठी चौपट दाब लागतो. भिंतीलगतचे अंतर किंचित चुकले, तरी तेथील प्रवाह मधल्या प्रवाहाच्या पुढे किंवा मागे जातो. लांब मार्ग चिपवर दुमडताना वळणाची बाहेरची बाजू अधिक लांब पडते. म्हणून सरळ पट्टे अरुंद नलिकांनी जोडतात.

या रचनेला मर्यादाही आहे. भरीव खांबांचा पृष्ठभाग कमी असल्याने त्यांवर सच्छिद्र थर चढवावा लागतो, आणि तरीही नमुना अत्यल्पच सामावतो. पिष्ट व स्निग्धांश असलेल्या तांदळाचा अर्क त्यामुळे आधी काटेकोरपणे शुद्ध करावा लागेल. स्तंभ कितीही सुबक असला, तरी अचूक निष्कर्षाचा आरंभ नमुन्याच्या निवडीपासून आणि शुद्धीकरणापासूनच होतो.